राष्ट्रपतीबाईंना पत्र लिहायचं का?
(२६ जानेवारी २०२४ च्या रात्री वेळापूर, ता. माळशिरस इथं ऊसतोडीच्या फडावर झालेल्या बैठकीतलं बोलणं. गावाकडच्या लोकांनाही कळावं म्हणून लिहून काढलं आहे.)

बाया मागं बसल्यात, त्यांनी पुढं यावं. आज बोलायचं ते बाईविषयीच आहे.

दिवसभर मोळ्या बांधून, गाडी भरून सगळे थकलेत, हे आम्हाला दिसतं. उद्या पहाटे तीनला परत उठायचं आहे. म्हणून लांबड लावत नाही. पण गेल्या आठवड्यात टोळीत एक गोष्ट ठरत आली आहे, ती नीट बोलून घेतली पाहिजे. आबांनी विषय काढला की दिल्लीत आता आपली आदिवासी बाई राष्ट्रपती आहे, द्रौपदी मुर्मू. आपल्या गावचे सतरा वनदावे जिल्हा समितीकडून फेरतपासणीला परत आलेत. तर सगळ्यांनी अंगठे-सह्या करून बाईंनाच पत्र द्यायचं, ती आपली आहे, ती सही करेल आणि पट्टे मिळतील. त्यासाठी कोयत्यामागे शंभर रुपये गोळा झाले. दोघांनी दिल्लीला जायचं असंही ठरलं. आणि पत्र आम्ही लिहायचं, कारण आम्ही बारावी झालो.

पत्र लिहायला आमची ना नाही. पण ज्या खुर्चीला पत्र लिहितो ती खुर्ची काय करू शकते, काय करू शकत नाही, हे ठाऊक नसताना लिहिलं तर काय होतं ते आपण एकदा भोगलंय. दोन हंगामांमागं आपल्या शेजारच्या पाड्यानं असंच पत्र धाडलं होतं. दिल्लीहून पोच आली. सगळ्यांना दाखवली, लाकडी पेटीत जपून ठेवली. मग तीन महिन्यांनी कळलं की दिल्लीनं ते पत्र राज्याकडं पाठवलं, राज्यानं जिल्ह्याकडं, आणि शेवटी ज्या टेबलाविरुद्ध तक्रार होती त्याच टेबलावर ते येऊन पडलं. साहेबानं विचारलं, "आमची तक्रार थेट वर केली काय?" त्यानंतर त्या पाड्याचं काम अजून मागं गेलं.

तर आज सव्वीस जानेवारी आहे. सकाळी गावातल्या शाळेच्या लाऊडस्पीकरवरून भाषणं ऐकू येत होती, आपण मात्र उसात होतो. पोरांनी मोबाईलवर दिल्लीची परेड दाखवली. मुर्मूबाई फ्रान्सच्या पाहुण्याबरोबर घोड्याच्या बग्गीतून आल्या. चाळीस वर्षांनी ती बग्गी परत काढली म्हणतात. आमच्या बाजूला बसलेली याहा म्हणाली, "बैल नाही का जोडत?" तर तिथून सुरुवात करू.

आधी नाव. परवा एका बाईनं विचारलं, बाई असून पती कसा? हा प्रश्न काही अडाणीपणाचा नाही. २००७ साली प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या, देशातल्या पहिल्या बाई, आपल्या खानदेशातल्या, जळगाव जिल्ह्याच्या, तेव्हा मोठमोठ्या शिकलेल्या लोकांनीही याच शब्दावर वाद घातला. संस्कृतात पती म्हणजे धनी, पाळणारा. सेनापती तसा राष्ट्रपती. पण आपल्याकडं पती म्हटलं की दुसरंच आठवतं. बाई सरपंच असली की तिचा नवरा खुर्चीत बसतो, त्याला आपण 'सरपंचपती' म्हणतो. सही बाईची, कारभार दुसऱ्याचा. हे उदाहरण लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

आता राष्ट्रपती होतो कोण? घटनेचं ५८ वं कलम सांगतं. भारताचा नागरिक पाहिजे, वय पस्तीस पुरं पाहिजे, लोकसभेला उभं राहायला पात्र पाहिजे, आणि सरकारकडून पगार-लाभ मिळणाऱ्या पदावर नसला पाहिजे. बस. किती शिकला ही अट नाही. जमीन किती ही अट नाही. इथं बसलेल्या आबांना चालतं, याहाला चालतं. आम्हालाच चालत नाही, आमचं वय कमी पडतं. (हसू नका, खरंच.)

पण कागदावर दार उघडं असलं तरी उंबरा उंच आहे. अर्ज भरायचा तर पन्नास मतदार सूचक म्हणून आणि वेगळे पन्नास अनुमोदक म्हणून लागतात. मतदार म्हणजे आपण नव्हे. या निवडणुकीत मतदार म्हणजे निवडून आलेले खासदार आणि आमदार. शिवाय पंधरा हजार रुपये अनामत. पंधरा हजार एखाद्या कोयत्याच्या उचलीतूनही निघतील. शंभर आमदार-खासदार कुठून आणायचे?

आपण या निवडणुकीत मत देत नाही, पण आपली मोजणी त्यात होते. कशी ते ऐका. आमदाराच्या मताला वजन असतं. राज्याची लोकसंख्या घ्यायची, ती १९७१ च्या जनगणनेची, तिला आमदारांच्या संख्येनं भागायचं, मग परत हजारानं. महाराष्ट्राची लोकसंख्या तेव्हा पाच कोटी चार लाख होती. आमदार २८८. उत्तर येतं १७५. म्हणजे आपल्या आमदाराचं एक मत १७५ चं. उत्तर प्रदेशच्या आमदाराचं २०८, सिक्कीमच्या आमदाराचं ७. गेल्या वेळी खासदाराचं ७०० होतं. १९७१ ला आपले आजे-पणजे मोजले गेले, ती मोजणी अजून या कामाला वापरतात. २०२२ च्या जुलैत मुर्मूबाईंना ६,७६,८०३ मतमूल्य मिळालं, समोर यशवंत सिन्हा होते त्यांना ३,८०,१७७. २५ जुलैला शपथ झाली. त्या आधी १९९२ ला मेघालयचे आदिवासी नेते जी. जी. स्वेल उभे राहिले होते, २०१२ ला पी. ए. संगमा उभे राहिले होते, दोघेही पडले. म्हणजे आदिवासी माणूस तिथं बसायला बहात्तर वर्षं लागली.

बाईंची हकिकत आपल्याला परकी नाही. ओडिशात मयूरभंज जिल्ह्यात उपरबेडा नावाचं गाव. संथाळ. त्यांनीच सांगितलंय की त्यांचं घरचं नाव पुती होतं, द्रौपदी हे नाव शाळेतल्या मास्तरनं ठेवलं. इथं किती जणांची नावं मास्तरनं बदलली, हात वर करा. बघा. अर्धे तर आहेतच. गावातून कॉलेजला जाणारी ती पहिली पोरगी. पाटबंधारे खात्यात कनिष्ठ कारकून होत्या, मग शाळेत शिकवलं. १९९७ ला रायरंगपूरला नगरसेविका झाल्या, मग आमदार, मंत्री, २०१५ पासून सहा वर्षं झारखंडच्या राज्यपाल. नवरा गेला, दोन तरुण मुलं गेली. हे सगळं सोसून बाई तिथवर गेली, त्याबद्दल आमच्या मनात आदरच आहे. पुढं जे बोलणार ते खुर्चीविषयी आहे, हे ध्यानात असू द्या.

सवलती काय मिळतात हे पोरांनी विचारलं होतं. महिन्याला पाच लाख रुपये पगार. आधी दीड लाख होता. राज्यघटना आली तेव्हा दहा हजार होता. पद सुटल्यावर पगाराच्या निम्मं पेन्शन, राहायला घर, दवापाणी, नोकर-चाकर. पदावर असेपर्यंत कोणतंही कोर्ट फौजदारी खटला चालवू शकत नाही, अटक नाही. काढायचंच झालं तर संसदेत महाभियोग, दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतं. आजवर एकदाही झालेला नाही. टनाचा भाव काढून पाच लाखांत किती ऊस बसतो हा हिशोब आम्ही करत नाही, तुम्ही कोपीत जाऊन करा.

आणि घर. राष्ट्रपती भवनात ३४० खोल्या आहेत, भोवतीचा आवार ३३० एकर. इंग्रजांनी व्हाइसरॉयसाठी बांधलं, १९२९ ला पुरं झालं. पण आम्हाला त्या घरापेक्षा त्याच्या खालच्या जमिनीविषयी सांगायचंय. ती टेकडी म्हणजे रायसीना. रायसीना हे गाव होतं. शेजारी मालचा गाव होतं. १९११ ला इंग्रजांनी राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला आणायचं ठरवलं, आणि १८९४ चा भूसंपादनाचा कायदा लावून या गावांची जमीन घेतली. शेतकरी उठले, त्यातले पुष्कळ हरियाणाच्या बाजूला गेले. त्यांचे वंशज आजही मोबदला मिळाला नाही म्हणून कोर्टात जातात. धरणात गेलेल्या गावांच्या लोकांनी हा १८९४ चा कायदा ओळखला असेल. तोच तो. दिल्लीच्या सगळ्यात मोठ्या घराखालीही उठवलेलं गाव आहे. आम्ही पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक बाजूला ठेवून बसून राहिलो होतो.

आता मुख्य मुद्दा, अधिकार. कागदावर बघाल तर सगळं राष्ट्रपतीचं. सैन्य त्यांचं, पंतप्रधान ते नेमतात, न्यायाधीश, राज्यपाल ते नेमतात, संसद ते बोलावतात, कायद्यावर सही त्यांची, फाशी माफ करायचं त्यांच्या हातात. पण ७४ वं कलम सांगतं की हे सगळं मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं करायचं. बाबासाहेबांनी घटना समितीत हे स्वच्छ सांगितलं होतं की आपला राष्ट्रपती इंग्लंडच्या राजासारखा, राष्ट्राचा प्रमुख, पण राज्यकारभार चालवणारा नव्हे. १९७६ ला घटना दुरुस्त करून तर सल्ला पाळलाच पाहिजे असं लिहिलं. मागून १९७८ ला एवढी सूट दिली की एकदा फेरविचाराला परत पाठवता येतं. मंत्रिमंडळानं तोच सल्ला परत दिला की मग ऐकावंच लागतं.

म्हणून आम्ही ते सरपंचपतीचं उदाहरण दिलं. फरक एवढाच की गावात नवऱ्यानं खुर्चीत बसणं बेकायदा आहे, आणि दिल्लीत सल्ला ऐकून सही करणं हाच कायदा आहे.

सही किती पटकन होते बघा. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणीच्या कागदावर फक्रुद्दीन अली अहमद यांनी सही केली. २०१९ ला आपल्या राज्यात राष्ट्रपती राजवट होती, ती २३ नोव्हेंबरला पहाटे ५.४७ ला उठवली. त्या वेळेला आपण फडात पहिली मोळी बांधत असतो, आणि दिल्लीत सरकारचा कागद निघालेला असतो. आपल्या दाव्यावर पंधरा वर्षं बसणारं हेच सरकार आहे. त्याला घाई असली की पहाटही चालते.

मग सही थांबवता येतच नाही का? येते, थोडी. कायद्याचं बिल राष्ट्रपती एकदा संसदेकडं परत पाठवू शकतात. २००६ ला अब्दुल कलामांनी लाभाच्या पदाचं बिल परत पाठवलं. संसदेनं तेच परत मंजूर केलं, मग सही करावी लागली. आणि झैलसिंगांनी आणखी वेगळं केलं. १९८६ ला सरकारला लोकांची पत्रं उघडून बघायचा अधिकार देणारं टपालाचं बिल आलं. त्यांनी सही पण केली नाही, परत पण पाठवलं नाही. तसंच ठेवून दिलं. किती दिवसांत सही करायची हे घटनेत लिहिलेलंच नाही ना. ते बिल तिथंच मेलं. आपले कागद साहेबाच्या कपाटात मरतात, तसंच कधी सरकारचा कागदही मरतो, एवढं समाधान.

आता आपल्या जंगल-जमिनीचं. २००६ चा वनहक्क कायदा, ज्याच्यावर आपले सतरा दावे उभे आहेत, त्याच्यावर २९ डिसेंबर २००६ ला कलामांची सही झाली. पण अंमल सुरू व्हायला अजून वर्ष गेलं, ३१ डिसेंबर २००७ उजाडला. तोवर प्रतिभाताई राष्ट्रपती झालेल्या. सही होऊनही कायदा वर्षभर पडून राहिला. राष्ट्रपतीच्या सहीनं काम होतं असं ज्यांना वाटतं त्यांनी हे वर्ष आठवावं. ते वर्ष लोकांनी धरणे, मोर्चे काढून संपवलं.

मुर्मूबाईंच्या दोन गोष्टी सांगतो. एक अशी, एक तशी. तुम्हीच ठरवा.

पहिली. झारखंडमध्ये बिरसा मुंडांच्या उलगुलानानंतर इंग्रजांना १९०८ ला छोटा नागपूरचा कूळकायदा करावा लागला. आदिवासीची जमीन बाहेरच्याकडं जाऊ नये म्हणून. संथाळ परगण्याचा तसाच कायदा १९४९ चा. २०१६ च्या नोव्हेंबरात तिथल्या सरकारनं दोन्ही कायदे बदलायची बिलं विधानसभेत मंजूर केली, शेतजमीन बिगरशेतीला वापरता येईल अशी. गावागावांतून लोक रस्त्यावर आले. बिलं राज्यपालांकडं गेली, राज्यपाल द्रौपदी मुर्मू. त्यांनी २०१७ ला सही न करता ती परत पाठवली. आणि सरकारला ती मागं घ्यावी लागली. सरकार त्यांच्याच पक्षाचं होतं, हे पण सांगायला पाहिजे.

दुसरी. गेल्या वर्षी, २०२३ ला, संसदेनं वन संवर्धन कायदा बदलला. जे जंगल सरकारी कागदावर जंगल म्हणून नोंदलेलं नाही ते कायद्याच्या बाहेर गेलं. सीमेपासून शंभर किलोमीटरच्या आतले संरक्षणाचे म्हणवले जाणारे रस्ते-रेल्वे यांना सूट मिळाली. देशभरच्या आदिवासी संघटनांनी विरोध केला. ग्रामसभेची संमती राहील का, ही भीती होती आणि आहे. राज्यसभेत २ ऑगस्टला मंजूर झालं. ४ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. दोन दिवस.

तीच बाई. राज्यपाल असताना परत पाठवलं, राष्ट्रपती असताना दोन दिवसांत सही. तिचं मन बदललं का, हे आम्ही सांगू शकत नाही, मनात शिरता येत नाही. पण एक दिसतं. झारखंडमध्ये खाली रस्त्यावर गावं उभी होती. पाड्यापाड्यातून आवाज येत होता, रोज. आणि दुसरं, अनुसूचित क्षेत्राच्या राज्यपालाच्या हातात घटनेनंच आदिवासी जमिनीबाबत जादा अधिकार दिलेत. राष्ट्रपतीच्या हातात थेट तसे नाहीत.

ही पाचवी अनुसूची. जरा लक्ष द्या, झोपू नका. कोणता भाग अनुसूचित क्षेत्र हे राष्ट्रपती हुकूम काढून ठरवतात. आपल्या महाराष्ट्राचा हुकूम १९८५ च्या डिसेंबरात निघाला, त्यात आपला सातपुडा आला. हे सोलापूर त्यात नाही. इथं आपण आलो की आपली जमात राहते, पण आपल्या ग्रामसभेचा पेसा इथं नाही. आता त्या क्षेत्रात राज्यपाल काय करू शकतात? संसदेचा किंवा विधानसभेचा कोणताही कायदा त्या भागाला लागू नाही किंवा बदल करून लागू, असं सांगू शकतात. आणि दरवर्षी त्यांनी राष्ट्रपतींना या भागाचा अहवाल पाठवायचा असतो. म्हणजे आपली हकिकत राष्ट्रपतीपर्यंत जायची वाट घटनेनं आधीच आखून ठेवली आहे, ती राज्यपालांच्या दारातून जाते. त्या अहवालात आपल्या फेटाळलेल्या दाव्यांचा आकडा लिहा, अशी मागणी आपण कधी केली का? नाही केली. ती करू.

राज्यपालांचा हा अधिकार नुसता कागदावर नाही. मे २०२० मध्ये आपल्या राज्यपालांनी तो वापरून वनहक्क कायद्यात आपल्या पेसा भागासाठी बदल केला. आधी जिल्हा समितीनं दावा नाकारला की पुढं अपिलाला जागाच नव्हती, कोर्टात जा. आता विभागीय आयुक्तांच्या समितीकडं अपील करता येतं. मुदतीत करावं लागतं. करोनाच्या टाळेबंदीत हे निघालं, म्हणून कितीतरी गावांना अजून माहीत नाही. गावाकडं हा अंक वाचणाऱ्यांनी हे वाक्य मोठ्यानं वाचून दाखवा.

जमातीच्या यादीचंही असंच. कोण अनुसूचित जमात हे ३४२ व्या कलमानं राष्ट्रपती जाहीर करतात, त्या यादीत आपला भिल, पावरा आहे, इथं आज बसलेले फासेपारधी भाऊ आहेत. पण एकदा यादी निघाली की तिच्यात नाव घालणं-काढणं फक्त संसदेच्या कायद्यानं होतं, राष्ट्रपतींनाही एकट्यानं करता येत नाही. या माळशिरस भागात यावरून काय तापलेलं आहे ते आपण रोज ऐकतो. ज्यांच्या गावात आपण राबतो त्यांच्याशी या विषयावर भांडण काढू नका. तेही उन्हातलेच लोक आहेत. कायदा काय आहे तेवढं माहीत असू द्या.

पारधी भावांनी गायरानाचं विचारलं. गायरान वनहक्कात बसत नाही, त्याचा रस्ता महसूल खात्याचा आहे. त्यावर वेगळं बसू, आज नाही.

मग आबांनी मघाशी विचारलं, "काहीच करत नसेल तर आपली बाई तिथं असून फायदा काय?" फायदा आहे, आबा. तिचं बोलणं देश ऐकतो. २०२२ च्या नोव्हेंबरात संविधान दिनाला सुप्रीम कोर्टाच्या कार्यक्रमात, सगळे न्यायाधीश समोर असताना, लिहून आणलेलं भाषण संपवून ती बाई आपल्या बोलीच्या हिंदीत बोलली. तुरुंगात किरकोळ गुन्ह्यात वर्षानुवर्षं पडलेल्या गरीब लोकांविषयी. जामिनाला पैसे नाहीत, घरचे सोडवायला येत नाहीत, त्यांचं काय, असं विचारलं. जंगलातून सरपण आणलं म्हणून ज्यांच्यावर केस झाली ते इथं बसलेत. त्यांना कळेल हे कुणी बोलणं म्हणजे काय असतं. आमची पोरगी आश्रमशाळेत फळ्यावर राष्ट्रपतीचं नाव लिहिते तेव्हा तिला ते नाव आपल्यातलं वाटतं, हेही कमी नाही. पण बोलण्यानं सातबाऱ्यावर नाव चढत नाही.

सातबाऱ्यावर नाव कुठून चढतं? तर हे शेवटचं, आणि यासाठीच बसलोय.

बाईंच्याच ओडिशात नियमगिरी डोंगर आहे. डोंगरिया कोंध लोकांचा. तिथं बॉक्साइट काढायला मोठी कंपनी आली होती. एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, ग्रामसभांना विचारा. बारा गावांच्या सभा झाल्या. पावसाळ्याचे दिवस, जिल्हा न्यायाधीश हजर. बाराच्या बारा सभांनी नाही म्हटलं. खाण झाली नाही. कोणत्या राष्ट्रपतीनं ते केलं नाही. बारा पाड्यांच्या माणसांनी, पावसात बसून केलं.

आता आपला हिशोब. सतरा दावे ग्रामसभेकडं फेरतपासणीला आलेत. म्हणजे ते मेलेले नाहीत, ते परत आपल्याच हातात आलेत. ग्रामसभा पुढच्या पंधरवड्यात आहे. नियम काय? गावातले निम्मे सभासद हजर पाहिजेत, हजर असलेल्यांत तिसरा हिस्सा बाया पाहिजेत, आणि ज्यांचे दावे आहेत त्यांतले निम्मे तरी समोर पाहिजेत. सतराचे निम्मे साडेआठ, म्हणजे नऊ. गावात मागं राहिलेत सहा. अकरा इथं वेळापूरला, कालव्याच्या काठावर. नऊ भरले नाहीत तर सभेचा ठराव टिकणार नाही, आणि मग कितीही मोठ्या घराला पत्र लिहा, उत्तर येईल, "ग्रामसभेचा ठराव जोडलेला नाही."

म्हणून आम्ही सुचवतो, दिल्लीला दोघांनी जायच्या ऐवजी गावाला तिघांनी जावं. तिघांत एक तरी बाई पाहिजे, दोन असल्या तर बरंच. २००५ च्या १३ डिसेंबरच्या आधीपासून कसतो याचे पुरावे, म्हाताऱ्यांचे जबाब, दंडाच्या जुन्या पावत्या, ज्यांच्या इथं पेटीत असतील त्यांनी या तिघांजवळ द्याव्यात. मूळ कागद देऊ नका, अकलूजला झेरॉक्स होते, परवा बाजाराला जाणाऱ्यानं करून आणावी.

(इथं बराच वेळ बोलणं झालं. मुकादम खाडा धरील, उचल फिटायला अजून महिना लागेल, एका कोयत्यातला माणूस गेला तर दुसरा एकटा काय तोडणार, असं पुष्कळांनी सांगितलं. एका याहानं सांगितलं की दिल्लीसाठी जमवलेले पैसे एसटीला आणि खाड्याला लावा. त्यावर कुणी नाही म्हटलं नाही.)

तर ठरलं ते असं. तिघं जातील, दोन बाया आणि एक बाप्या. सगळ्यांनी रोज अर्धा तास जास्त तोडून त्यांच्या जागेची मोळी भरायची. एकीचं अंगावरचं पोर तिच्याबरोबरच जाईल, मोठी पोरगी इथं आबांच्या कोपीत राहील. बैलांचं वाढं तिचा दीर बघेल. मुकादमाशी आम्ही उद्या सकाळी बोलतो. तो ओरडेल, ओरडू द्या.

आणि पत्रही लिहू. राष्ट्रपतींना नाही तर राज्यपालांना, आणि त्याची एक प्रत अनुसूचित जमाती आयोगाला. तो आयोग आपला अहवाल राष्ट्रपतींनाच देतो, आणि राष्ट्रपतींना तो संसदेपुढं ठेवावा लागतो. मुर्मूबाईंना त्या वाटेनं आपलं गाव कळेल. पण पत्र ठरावानंतर, ठरावाची नक्कल जोडून. म्हणून गावाकडच्यांनी ग्रामसभेच्या दिवशी वहीत हजेरी घेताना बायांच्या सह्या-अंगठे वेगळ्या पानावर मोजून घ्यावेत, आणि सचिवाकडून नक्कल त्याच दिवशी मागावी.

एसटी उद्या नाही, परवा सकाळी आहे. वेळापूरच्या स्टँडवरून पुण्याची गाडी धरायची. कागद आज रात्रीच आमच्याकडं द्या, कंदील अजून अर्धा तास चालेल.